बाकावर बसून टिपलेले शहर

कुटुंबाच्या सहलीत एक वाक्य हमखास कानी पडते : "तुम्ही इथे बसा, आम्ही पाहून येतो." हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते, त्यात गुडघ्यांची काळजी असते, उन्हाची धास्ती असते आणि पुष्कळदा ते व्यवहार्यही असते. पण त्यानंतर घरातील आजोबा किंवा आजी पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत तास-दीड तास एका जागी बसून राहतात. मंडळी परतली की त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले जातात. प्रवासाचा शीण सर्वांच्या वाट्याला येतो, शहर मात्र काहींनीच पाहिलेले असते. असे दोन-चार प्रवास झाले की ज्येष्ठ व्यक्ती स्वतःच म्हणू लागते, "माझे राहू द्या, तुम्ही जाऊन या." पुढे हा नकार प्रवासापुरता राहत नाही, कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाणेही हळूहळू थांबते.

या वेळच्या लेखात एका साध्या उपायाचा विचार करू. शहराचे वातावरण टिपणारे छायाचित्र घेण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही आणि फार चालावेही लागत नाही. त्यासाठी हवी असते एक चांगली जागा, योग्य वेळ आणि वाट पाहण्याची तयारी. घाईत असलेल्या तरुण प्रवाशाकडे यांतली तिसरी गोष्ट क्वचितच असते. बाकावर बसलेल्या माणसाकडे ती भरपूर असते. खिशातल्या साध्या मोबाइलची तिला जोड मिळाली, तर सामान राखणारा माणूस त्या प्रवासाचा साक्षीदार होऊ शकतो.

साधा कॅमेरा : बळ आणि मर्यादा

साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग बारीक असते आणि प्रकाश टिपणारा त्यामागचा पडदा नखाहूनही लहान असतो. भरपूर उजेडात तो उत्तम काम करतो. उजेड कमी झाला की पुरेसा प्रकाश गोळा करण्यासाठी तो अधिक वेळ घेतो. तेवढ्या वेळात हात जरासा हलला तरी चित्र पुसट होते. म्हणून संध्याकाळचे फोटो बिघडतात. यात वयाचा दोष नाही. तिशीतल्या माणसाचाही हात हलतोच.

दोन बोटांनी दृश्य मोठे करण्याची सवय शक्यतो सोडावी. साध्या मोबाइलमध्ये त्यामुळे कॅमेरा जवळ जात नाही. तो मूळ चित्राचा तुकडा कापून फुगवतो आणि चित्र भरड दिसते. फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. दीपमाळ, पूल किंवा समुद्र त्याने उजळत नाही. समोरच्या माणसाचे डोळे मात्र दिपतात. तेव्हा फ्लॅश बंदच ठेवावा.

चित्र घेण्यापूर्वी मऊ सुती कापडाने भिंग पुसावे. मोबाइल दिवसभर हातात असतो. बोटांचे तेल भिंगावर बसते आणि प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय उमटते. मग पडद्यावर ज्या भागाला महत्त्व द्यायचे तिथे बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलमध्ये त्या जागी सूर्याचे लहान चिन्ह दिसते. ते बोटाने खाली सरकवले की चित्र गडद होते, वर सरकवले की उजळते. वातावरणाच्या चित्राला बहुधा थोडा गडदपणा मानवतो. आकाशाचा रंग राहतो, सावल्या खोल होतात आणि माणसांच्या आकृती उठून दिसतात.

वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणातून लांबचा मार्ग कापत येतात. त्या मार्गात निळा प्रकाश विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळसर, तांबूस उजेड पोहोचतो. सावल्या लांब पडतात, भिंतींचा खडबडीतपणा दिसू लागतो. सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटेही मोलाची. आकाशात अजून निळाई असते आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात; दोहोंचा उजेड तोलून धरणे साध्या कॅमेऱ्यालाही तेव्हा जमते. पुढे काळोख दाटला की दिवे फटफटीत पांढरे आणि बाकी सारे काळे, असे चित्र येते. भर दुपार टाळावी हा सल्ला डॉक्टर देतात आणि छायाचित्रकारही देतात. कारणे निराळी, पण पथ्य एकच.

एक मैदान, दोन वेळा

उदाहरणादाखल मुंबईचा फोर्ट परिसर घेऊ. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या गॉथिक शैलीच्या दगडी इमारती आहेत. पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या, गोलसर कोपऱ्यांच्या इमारतींची रांग आहे. या परिसराचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. छायाचित्राच्या दृष्टीने याची गंमत अशी, की सकाळचे ऊन पश्चिमेच्या रांगेवर पडते आणि संध्याकाळचे ऊन पूर्वेच्या दगडी भिंतींवर. जागा एकच, वेळ बदलली की शहर बदलते. सकाळी टॉवरकडे पाहिले तर सूर्य त्याच्या मागे असतो आणि त्याची नुसती काळी आकृती उभी राहते. संध्याकाळी तोच दगड मधाच्या रंगाचा होतो आणि समोर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या लांब सावल्या गवतावर पडतात.

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे ८५ मीटर. प्रेमचंद रायचंद यांनी या कामासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि मनोऱ्याच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळत असे, असे सांगतात. म्हाताऱ्या आईसाठी वाजणारे घड्याळ ही कथा ठाऊक असली, की तो मनोरा पाहण्याची आणि टिपण्याची आपली दृष्टीही बदलते.

गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये बांधून झाले. त्याचे तोंड पूर्वेच्या समुद्राकडे. म्हणून पहाटे शहराच्या बाजूने पाहिले तर कमानीच्या चौकटीत उजळणारे आकाश दिसते. कमानीतून जाणारा एखादा माणूस चित्रात आला, की तिची भव्यता कळते. मोठ्या वास्तूच्या चित्रात लहानसा माणूस असावा तो याच कारणासाठी. कबुतरांचा थवा उडतानाचा फोटो इथे पुष्कळ जण घेतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी मात्र तो मोह टाळावा. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसाला सूज येऊ शकते. थवा दूरवरूनच टिपावा. आकाशासह तो अधिक शोभून दिसतो.

मरीन ड्राइव्हला बसायला कठडा आहे, वारा आहे आणि समोर पश्चिमेचे आकाश आहे. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, तर जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. अर्धा तास आधी जाऊन बसावे आणि सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नये. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानींच्या ओवऱ्या ही आणखी एक सोयीची जागा. तिथे सावली असते आणि टेकायला खांब असतात. खांबांच्या रांगेतून तिरपे पडणारे ऊन चित्राला आपोआप खोली देते. फेरीवाल्यांची वर्दळ मात्र असते, म्हणून तिथे चालता चालता फोटो घेऊ नये.

पावसाळ्यात ओला रस्ता आरसा होतो. दिव्यांचे, टॅक्सींचे, छत्र्यांचे रंग डांबरावर उतरतात. त्यासाठी ज्येष्ठांनी निसरड्या पदपथावर जाण्याची गरज नाही. टॅक्सीची काच किंवा उपाहारगृहाची खिडकी पुरे. मोबाइल काचेला जवळजवळ टेकवला की आतले प्रतिबिंब येत नाही. बोट काचेवरच्या थेंबावर टेकवले तर थेंब स्पष्ट आणि शहर धूसर. बाहेरच्या दिव्यावर टेकवले तर याच्या उलट. दोन्ही घेऊन पाहावेत.

हात, मान आणि पाऊल

आता प्रकृतीच्या बाजूने विचार करू. कंप असणाऱ्यांनी मोबाइल एका हातात उंच धरू नये. दोन्ही कोपरे छातीच्या बरगड्यांना टेकवावेत, पाठ खांबाला किंवा बाकाला लावावी आणि श्वास हळू सोडता सोडता चित्र घ्यावे. पडद्यावरचे गोल बटण दाबताना मोबाइल हलतो. बऱ्याच मोबाइलमध्ये आवाज कमी-जास्त करण्याच्या बाजूच्या बटणानेही फोटो निघतो. त्याहून सोपी सोय म्हणजे टायमर. तो तीन सेकंदांवर लावला की बटण दाबल्यावर हात स्थिर करायला वेळ मिळतो. कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर मोबाइल टेकवणे हाही चांगला आधार आहे. कंप नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. "वयाचेच आहे" असे आपणच ठरवून टाकू नये.

उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून मान मागे टाकू नये. वयस्कांना अशा वेळी चक्कर येऊ शकते. चित्राच्या दृष्टीनेही ते हितावह नाही. मोबाइल वर तिरका केला की इमारत मागे कलल्यासारखी दिसते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाशी बसून मोबाइल सरळ धरावा. मानेलाही आराम आणि मनोराही ताठ.

वाकून किंवा उकिडवे बसून चित्र घेणे टाळावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे एकदम उठताना रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मोबाइल उलटा धरला, म्हणजे भिंग खालच्या बाजूला आले, की न वाकताही रस्त्याच्या जवळून दृश्य दिसते. बाकावरून उठताना आधी पाय हलवावेत, क्षणभर आधाराने उभे राहावे, मग पाऊल टाकावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम एकच : पडद्याकडे पाहत असताना पाऊल उचलायचे नाही. पुढेही नाही आणि मागे तर मुळीच नाही. दृश्यात सगळे मावावे म्हणून माणूस नकळत मागे सरकतो, आणि मागे पदपथाची कड असते. दोन टप्प्यांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खाली पाहताना पायरी धूसर दिसते, हेही ध्यानात ठेवावे. उतारवयातील एक पडणे पुढच्या कित्येक महिन्यांचे हिंडणे-फिरणे हिरावून घेऊ शकते. कोणतेही चित्र त्या मोलाचे नाही. आधी थांबावे, उभे राहायची जागा पाहावी, मग मोबाइल काढावा; चित्र घेऊन झाले की मोबाइल खिशात, मग चालणे.

डोळा आणि भिंग

या छंदाचा एक अनपेक्षित लाभ आहे. संध्याकाळच्या दिव्यांभोवती वलये किंवा किरणे दिसत असतील, तर भिंग स्वच्छ पुसून त्याच दिव्याचा फोटो घ्यावा आणि घरातील दुसऱ्या कोणाला तो दाखवावा. चित्रात वलय नसून आपल्या डोळ्यांना ते दिसत असेल, तर मोतीबिंदू किंवा डोळ्यांचा अन्य विकार असण्याची शक्यता आहे. नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. वलयांसोबत डोळा लाल होणे, तीव्र दुखणे, मळमळणे किंवा नजर एकाएकी मंद होणे असे काही घडले, तर ती तातडीची बाब आहे. सकाळपर्यंत थांबू नये. ही चाचणी नव्हे, केवळ एक इशारा आहे. मोबाइल तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण तपासणीला जाण्याचे निमित्त नक्कीच होऊ शकतो.

फोटो आणि स्मरण

फोटो काढण्याच्या नादात पाहणेच राहून जाते, अशी तक्रार आपण ऐकतो. तीत तथ्य आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी एका कलासंग्रहालयात केलेल्या प्रयोगांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी काही वस्तू नुसत्या पाहिल्या आणि काहींचे फोटो घेतले. पूर्ण वस्तूचा फोटो घेतला होता, तिच्याविषयी त्यांना कमी आठवले. जणू लक्षात ठेवण्याचे काम त्यांनी कॅमेऱ्याकडे सोपवले होते. परंतु वस्तूचा एखादा भाग निवडून तेवढाच जवळून टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. हा प्रयोग तरुणांवर झाला होता. तरी त्यातला बोध सर्वांना लागू करून पाहण्याजोगा आहे. सारेच टिपत सुटण्यापेक्षा निवड करावी. संपूर्ण स्थानक नको, त्याच्या कमानीखाली चहा पिणारा हमाल पुरे. संपूर्ण बाजार नको, फुलवालीचे हात पुरेत.

अर्थात माणसांचे जवळून चित्र घ्यायचे तर आधी विचारावे. "तुमचा फोटो काढू का?" हा प्रश्न संभाषणाचा आरंभही असतो. पुष्कळदा फोटोपेक्षा ती पाच मिनिटांची बोलाचालीच अधिक सुखावते. नको म्हटले तर हसून पुढे जावे. जिथे छायाचित्रणास मनाई आहे तिथे ती पाळावी.

एका ठिकाणी तीनच चित्रे, असा नेम उपयोगी पडतो. पहिले सबंध दृश्याचे, दुसरे त्यातल्या एका माणसाचे किंवा वस्तूचे, तिसरे केवळ उजेडाचे किंवा सावलीचे. त्यानंतर मोबाइल खाली ठेवून दोन मिनिटे नुसते ऐकावे. टोल्यांचा आवाज, गाड्यांची घरघर, कुल्फीवाल्याची हाळी. कॅमेरा डोळ्यांचे लक्ष वेधून घेतो, त्यामुळे कानांनी टिपलेले मागे पडते. ते ठरवून जपावे लागते. घरी परतल्यावर प्रत्येक चित्रासाठी एक ओळ वहीत लिहावी : स्थळ, दिनांक आणि त्या क्षणी काय ऐकू येत होते ते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

सोबत जाणाऱ्यांनी कार्यक्रम आखताना स्थळांची संख्या कमी आणि वेळ अधिक ठेवावा. एका संध्याकाळी एकच ठिकाण. तिथे बसायची जागा, जवळ स्वच्छतागृह, पाणी आणि परतीच्या वाहनाची सोय आहे ना, हे आधी पाहावे. मधुमेह असल्यास खाण्याची आणि औषधाची वेळ सूर्यास्ताशी आदळणार नाही असे ठरवावे. मोबाइलच्या पडद्याची झळाळी वाढवून, कॅमेऱ्याचे चिन्ह पहिल्याच पानावर आणून ठेवावे. मोबाइल गळ्यात अडकवायला दोरी असली तर तो पडत नाही आणि दुसरा हात काठीसाठी मोकळा राहतो. त्याच मोबाइलमध्ये औषधांच्या चिठ्ठीचा एक फोटोही ठेवून द्यावा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : मोबाइल त्यांच्या हातून काढून घेऊन "असा काढायचा असतो" म्हणत स्वतः फोटो काढू नये. चित्र तिरके आले तरी ते त्यांचे आहे. त्यांनी काय टिपले ते नंतर निवांत पाहावे. जिन्याचा कठडा, बसलेला कुत्रा, एखादी जुनी पाटी. आपण जिथून घाईने निघून गेलो तिथे त्यांना काय दिसले, हे आपल्याला त्यातून कळते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फोटो दाखवताना "हे कुठले? आठवते का?" अशी परीक्षा घेऊ नये. "यात तुम्हाला काय आवडले?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर कधी चुकत नाही.

शिवाय त्यांचेही फोटो घ्यावेत, पण स्मारकापुढे ताठ उभे करून नव्हे. मैदानाकडे पाहत बसलेली आई, तिच्या पाठीवरचे ऊन, मांडीवरची पिशवी. चेहरा दिसला नाही तरी चालेल. अशी चित्रे पुढे घरात अधिक काळ पाहिली जातात. वर्षातून दहा-बारा चित्रे छापून घ्यावीत. मोबाइलमधली हजार चित्रे कोणी उघडत नाही, भिंतीवरचे एक रोज दिसते.

खिडकीपुरते शहर

ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही, त्यांच्यासाठीही शहर संपलेले नसते. प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० नंतर त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून चित्रे घ्यायला सुरुवात केली आणि हे काम ते पुढची चौदा वर्षे करत राहिले. काचेवरचे दव, धुके, बाहेरचे वाकडे झाड, एवढाच त्यांचा विषय. हंगेरीत जन्मलेले आंद्रे कर्तेश उतारवयात न्यूयॉर्कमध्ये राहत होते. १९७७ मध्ये त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचे निधन झाले. ऐंशी ओलांडलेल्या, एकाकी झालेल्या कर्तेश यांनी हौशी लोक वापरतात तो पोलरॉइड कॅमेरा हाती घेतला. पत्नीची आठवण करून देणारी काचेची एक लहान मूर्ती त्यांनी खिडकीत ठेवली आणि तिच्यातून दिसणारे शहर, तिच्यावर पडणारा उजेड ते टिपत राहिले. त्या चित्रांचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. दुःख त्यामुळे नाहीसे झाले असेल असे म्हणवत नाही. पण रोज सकाळी उठून खिडकीशी जाण्याचे एक कारण त्यांना मिळाले.

येत्या पंधरवड्यासाठी एक लहानसा उपक्रम सुचवतो. घरातली एक खिडकी किंवा गॅलरी निवडावी. रोज त्याच वेळी, खुर्चीवर बसून, त्याच दिशेचे एकच चित्र घ्यावे. सात दिवसांनी ती सात चित्रे कुटुंबासोबत एकत्र पाहावीत. ढग, ऊन, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरची रहदारी यांत किती फरक पडला ते न्याहाळावे. प्रकृती साथ देत असेल, तर आठव्या दिवशी त्याच वेळी खाली उतरून, खिडकीतून दिसणाऱ्या त्या रस्त्यापर्यंत कोणाला तरी सोबत घेऊन जाऊन यावे. मोबाइल गळ्यात, काठी हातात आणि नजर पावलांपुढे. पोहोचल्यावर थांबावे, आधार घ्यावा आणि मग त्या जागेवरून आपल्या खिडकीचे चित्र घ्यावे.